दाराला कुलूप, तिजोरी उघडी!

विषय क्रिप्टोकरन्सीचा आहे म्हटल्यावर अर्धे वाचक पान उलटतील आणि उरलेले अर्धे 'कुठलं कॉइन घेऊ?' विचारायला रूमवर येतील. दोघांनाही विनंती, जरा थांबा. टिप वगैरे काही मिळणार नाही. मी स्वतः त्यात एक रुपयासुद्धा घातलेला नाही आणि घालायचा विचारही नाही. मला बोलायचंय ते सरकारने त्यावर घातलेल्या बंधनांबद्दल. बंधनं नकोत असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडची बंधनं चुकीच्या जागी बसवली आहेत, आणि त्याचा त्रास बड्या धेंडांना होत नाही, साध्या माणसाला होतो.

आता तुम्ही म्हणाल, साध्या माणसाचा आणि बिटकॉइनचा संबंध काय? संबंध आहे. मी थळचा. अलिबागहून उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी, किनाऱ्यावर होड्या, आणि गावाच्या अंगाला आरसीएफचा खत कारखाना. आमच्याकडे घरात पैसा तीन वाटांनी येतो: होडीतून, कंपनीतून आणि जहाजातून. जहाजातून म्हणजे मर्चंट नेव्हीतून. क्रिप्टो आमच्या गावात आलं ते याच तिसऱ्या वाटेने. कुठल्या सेमिनारमधून नाही, यूट्यूबवरूनही नाही. सहा-सात महिने जहाजावर फिलिपिनो, युक्रेनियन पोरांबरोबर राहायचं, त्यांच्या मोबाईलवर बघायचं, की पगारातले थोडे पैसे 'यूएसडीटी'मध्ये ठेवलेत. यूएसडीटी म्हणजे डॉलरला बांधलेलं कॉइन; एका कॉइनची किंमत साधारण एक डॉलर. बिटकॉइनसारखं वरखाली होत नाही. रुपया घसरतो, डॉलर टिकतो, एवढं गणित जहाजावरच्या कुठल्याही पोराला कळतं. त्याला सट्टा म्हणणं मला पटत नाही. आमची आजी सोन्याच्या पाटल्या करायची, हा यूएसडीटी करतो!

आता बंधनांची कुंडली थोडक्यात मांडतो, कारण त्यातच सगळी गंमत आहे.

रिझर्व्ह बँकेने पहिला सावधगिरीचा इशारा दिला 24 डिसेंबर 2013 ला. 2017 मध्ये आणखी दोनदा. मग 6 एप्रिल 2018 ला सर्क्युलर काढलं: बँकांनी क्रिप्टोच्या धंद्यात असलेल्या कुणालाही सेवा द्यायची नाही, तीन महिन्यांत खाती बंद करायची. लक्षात घ्या, क्रिप्टो बेकायदा नव्हतं. फक्त त्याच्याकडे जाणारा बँकेचा पूल काढून घेतला. काही एक्स्चेंज बंद पडली. बंगळुरूत एका कंपनीने ऑक्टोबर 2018 मध्ये मॉलमध्ये कॉइनचं एटीएमसारखं मशीन ठेवलं, तर पोलिसांनी मशीन उचललं आणि संस्थापकांना अटक केली. मग 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते सर्क्युलर रद्द केलं. निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे. न्यायालय असं म्हणालं नाही की रिझर्व्ह बँकेला अधिकार नाही. अधिकार आहे, पण या धंद्यामुळे बँकांचं काही नुकसान झाल्याचं दाखवता आलेलं नाही, तेव्हा ही उपाययोजना प्रमाणाबाहेर आहे, असं म्हणालं. आपल्या भाषेत, लोड किती ते न मोजता फ्यूजच काढून टाकला!

पुढची गंमत अशी, की सर्क्युलर रद्द होऊन वर्ष उलटल्यावरही काही बँका गिऱ्हाइकांना त्याच मेलेल्या सर्क्युलरचा हवाला देऊन धमकावत होत्या. शेवटी 31 मे 2021 ला रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं, की बाबांनो, ते आता लागू नाही.

मग आला 2022 चा अर्थसंकल्प. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, वर सेस. 1 जुलै 2022 पासून प्रत्येक विक्रीवर 1 टक्का टीडीएस. आणि तिसरं कलम, जे बहुतेकांना माहीतच नसतं: तोटा कशातूनही वजा करता येणार नाही.

या तिसऱ्या कलमावर जरा थांबतो. समजा एका कॉइनमध्ये तुम्हाला 10,000 रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात 10,000 तोटा. हातात उरलं शून्य. तरी कर भरायचा 3,000, सेस धरून 3,120 रुपये. शून्यावर! तुमचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरीही, कारण इथे ती मर्यादा लागू नाही. आमच्या गावात हे समजावून सांगायचं तर असं सांगावं लागेल: एका फेरीला पापलेट भरपूर मिळाली, दुसऱ्या फेरीला डिझेलही सुटलं नाही. सरकार म्हणालं, पहिल्या फेरीवर 30 टक्के ठेवा, दुसरीचं तुमचं तुम्ही बघा. असा नियम मासेमारीला लावला तर एक होडी पाण्यात जाणार नाही. शेअर बाजारातला तोटा सरकार आठ वर्षं पुढे ओढू देतं. इथे त्याच दिवशी झालेला दुसऱ्या कॉइनचा तोटासुद्धा धरत नाही.

टीडीएसचं गणित तर आपल्या मॅथ्सच्या सरांनी परीक्षेत घालावं असं. 10,000 रुपये घेऊन घेतलं-विकलं करणाऱ्याचे, भाव जराही हलला नाही तरी, पन्नास विक्रींनंतर साधारण 6,050 उरतात. उरलेले रिटर्न भरल्यावर परत मिळतील, हे खरं. पण रिटर्न कधी भरायचं, परतावा कधी यायचा, आणि तोपर्यंत भांडवल कुठाय? मोठ्या माणसाकडे सीए असतो. थळच्या पोराकडे अलिबागला एक ऑनलाईन फॉर्म भरून देणारा माणूस असतो, आणि त्याला हा विषय निघाला की तहान लागते!

साहजिकच लोक देशी एक्स्चेंज सोडून परदेशी ॲपवर गेले. दिल्लीच्या एस्या सेंटरने जानेवारी 2023 मध्ये अहवाल काढला, त्यानुसार फेब्रुवारी ते ऑक्टोबर 2022 या काळात सुमारे 3.8 अब्ज डॉलरची उलाढाल देशी एक्स्चेंजवरून परदेशी एक्स्चेंजवर सरकली. टीडीएसचा सरकारी हेतू होता व्यवहारांचा माग ठेवणं. माग ठेवायला म्हणून दिवा लावला आणि सगळे अंधारात जाऊन बसले.

त्यातच एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेची कॉइनबेस कंपनी वाजतगाजत भारतात आली, यूपीआयने पैसे घेणार म्हणाली. एनपीसीआयने लगेच सांगितलं, कुठलंही क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरतंय हे आम्हाला माहीत नाही. काही दिवसांत सेवा बंद. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे रिझर्व्ह बँकेच्या अनौपचारिक दबावाचा उल्लेख केला. मला यातलं 'अनौपचारिक' फार खटकतं. सर्क्युलर असलं की त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं, जसं 2020 मध्ये गेले. कानात सांगितलेल्या गोष्टीविरुद्ध कुठे जायचं?

आता माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. तो जहाजावर असतो. पगारातून दर महिन्याला थोडे थोडे यूएसडीटी घेत गेला. सुरुवातीला देशी एक्स्चेंजवर, नंतर टीडीएसला कंटाळून परदेशी ॲपवर. जून 2023 मध्ये तो सुट्टीवर घरी होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होडी किनाऱ्यावर ओढलेली, आणि याच दोन महिन्यांत इंजिन, जाळी, रंग असा सगळा खर्च निघतो. काकांना पैसे हवे होते. याने 40,000 रुपयांचे यूएसडीटी विकले. परदेशी ॲपवरून थेट बँकेत रुपये येत नाहीत. तिथे 'पी-टू-पी' चालतं: ॲप तुम्हाला कुणीतरी अनोळखी घेणारा गाठून देतं, तो तुमच्या खात्यात रुपये टाकतो, तुम्ही त्याला कॉइन सोडता. कायद्याने त्यातला एक टक्का घेणाऱ्याने कापायचा असतो. तिथे कोण कापतंय!

पैसे आले. इंजिनाचं काम झालं. आणि तीन आठवड्यांनी मावसभावाचं खातं फ्रीज. 40,000 नाही, पूर्ण खातं. बँकेत गेला तर उत्तर, आम्हाला काही माहीत नाही, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. झालं होतं असं, की त्या घेणाऱ्याने पाठवलेले रुपये कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. ज्याची फसवणूक झाली त्याने 1930 वर तक्रार केली. तक्रार आली की पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे गेला ती सगळी साखळी गोठवली जाते. व्यवस्था म्हणून हे चांगलंच आहे, कित्येकांचे पैसे त्यामुळे वाचतात. पण साखळीतल्या चौथ्या कडीवर माझा मावसभाऊ उभा होता. त्या खात्यात त्याचा पगार यायचा, त्यातूनच घरकर्जाचा हप्ता जायचा.

साडेचार महिने लागले. ईमेल, ॲपचे स्क्रीनशॉट, पगाराच्या स्लिपा, जहाजाची कागदपत्रं. मधे तो बोटीवर रुजू झाला, मग हे सगळं मी आणि मावशी करत होतो. बँकेतले साहेब एकदा मावशीला म्हणाले, "कशाला असल्या भानगडीत पडता?" मावशीला यूएसडीटी म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "साहेब, पोराच्या पगाराचे पैसे आहेत, भानगडीचे नाहीत."

मला त्या साहेबांचा राग नाही. मावसभावालाही मी शहाणा म्हणत नाही. अनोळखी माणसाकडून खात्यात पैसे घेणं जोखमीचंच. पण तो त्या गल्लीत गेला कसा, हे बघा. उजेडाच्या रस्त्यावर दर पावलाला टोल, पुढे रस्ता कधी बंद होईल त्याचा भरवसा नाही, म्हणून तो आडवाटेने गेला आणि आडवाटेला चोर भेटला. नायजेरियात हाच प्रयोग झालाय. तिथल्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी 2021 मध्ये बँकांना क्रिप्टोची दारं बंद करायला लावली. लोक पी-टू-पीवर गेले, व्यवहार काही थांबले नाहीत, आणि डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी ती बंदी उठवली.

आपल्याकडे सरकारने परदेशी ॲपकडे लक्ष दिलं ते नंतर. 7 मार्च 2023 ला क्रिप्टोचा धंदा मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणला, 28 डिसेंबर 2023 ला बायनान्ससकट नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांची ॲप बंद केली. पुढे बायनान्सने नोंदणी करून घेतली, आणि तिला 18.82 कोटींचा दंडही झाला. हे पाऊल मला पटतं. धंदा करायचा तर नाव लिहा, गिऱ्हाइकाची ओळख ठेवा, हिशोब द्या. हे आधीच झालं असतं तर बरं झालं असतं.

पण इथेच माझा मूळ मुद्दा येतो. ओळख पटवा, कर कापा, माग ठेवा ही सगळी दारावरची बंधनं. आत गेल्यावर पैशाचं काय?

18 जुलै 2024 ला वझीरएक्सवर हल्ला झाला. मुंबईची कंपनी, देशातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजपैकी एक. सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ 2,000 कोटी रुपयांची कॉइन्स एका वॉलेटमधून गेली. ग्राहकांच्या एकूण कॉइन्सपैकी साधारण 45 टक्के. ते वॉलेट सहा चाव्यांचं होतं. पाच कंपनीकडे, एक लिमिनल या वॉलेट सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे. व्यवहाराला कंपनीच्या तीन सह्या आणि वर लिमिनलची एक. तरी गेले. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात हा हल्ला उत्तर कोरियाच्या हॅकर्सचा असल्याचं म्हटलं. ग्राहकांचे कॉइनचे व्यवहार पुन्हा सुरू झाले ऑक्टोबर 2025 मध्ये, तब्बल पंधरा महिन्यांनी, तेही सिंगापूरच्या न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार. विचार करा: मुंबईचं एक्स्चेंज, भारतातले ग्राहक, कर भारत सरकारला, आणि न्याय मागायचा सिंगापुरात!

या ग्राहकांनी नियम मोडले नव्हते. ओळखपत्र दिलं होतं, टीडीएस कापू दिला होता. सरकारने त्यांच्याकडून प्रत्येक व्यवहाराचा टक्का घेतला. पण त्यांची कॉइन्स कंपनीने कशी ठेवायची, किती ऑफलाईन ठेवायची, स्वतःच्या पैशापासून वेगळी ठेवायची की नाही, ती कोण तपासणार, गेली तर भरून कोण देणार, यावर तोवर एकही कायदा केला नव्हता.

आमचा आरसीएफचा कारखाना घ्या. गेटवर पास तपासतात, डबा उघडून बघतात, काडेपेटी काढून घेतात. योग्यच आहे, आत अमोनिया आहे. पण गेटवर कडक तपासणी आहे म्हणून कुणी अमोनियाच्या टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टाकतं का? आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो तेव्हा पहिल्यांदा व्हॉल्व्ह, अलार्म, इंटरलॉक दाखवतात. गेटचा रजिस्टर कुणी कौतुकाने दाखवत नाही. क्रिप्टोच्या बाबतीत सरकारने गेट बांधलं, वॉचमन बसवला, तिकीट लावलं आणि टाकीकडे पाठ केली.

कुणी म्हणेल, जोखीम घेतली तर भोगा. रायगडच्या माणसाला हे सांगू नका. पेण अर्बन बँक काही जोखमीचं कॉइन नव्हतं. परवाना असलेली, बोर्ड लावलेली सहकारी बँक. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. मग 23 सप्टेंबर 2019 ला पीएमसी बँक. तिथे तर सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढू दिले. पण त्यातून काहीतरी झालं. ठेवींचा विमा 1993 पासून 1 लाखावर अडकलेला होता, तो फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख झाला. 2021 मध्ये कायदा बदलून निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यायचं ठरलं. ठेवीदारांनी डोकी फोडून घेतली तेव्हा हे झालं, पण झालं. म्हणजे तिजोरीकडे बघणं सरकारला जमत नाही असं नाही.

जपानने हेच केलं. तिथे 2014 मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स बुडालं, लाखो बिटकॉइन गेली. जपानने दार बंद केलं नाही. 2017 पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली, ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायला लावली, पुढे बहुतेक कॉइन्स ऑफलाईन ठेवण्याचा नियम केला. याचा उपयोग कळला नोव्हेंबर 2022 मध्ये. एफटीएक्स ही प्रचंड कंपनी जगभर कोसळली. बाकीच्या देशांतले ग्राहक दिवाळखोरीच्या रांगेत उभे असताना एफटीएक्स जपानच्या ग्राहकांना फेब्रुवारी 2023 पासून आपले पैसे काढता आले, कारण ते मुळात वेगळे ठेवलेले होते. आपल्याकडेही याची एक छोटी झलक दिसली. जुलै 2025 मध्ये कॉइनडीसीएक्सचे सुमारे 4.4 कोटी डॉलर चोरीला गेले, पण ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले होते आणि ग्राहकांची कॉइन्स वेगळी असल्याने ती वाचली, असं कंपनीने सांगितलं. ती वेगळी होती म्हणून ठीक. पण ती वेगळी ठेवणं कंपनीच्या मर्जीवर कशाला?

रिझर्व्ह बँकेची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पुण्यातलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. महिन्याला 10 टक्के देतो म्हणून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. पण त्यात तंत्रज्ञान कुठे होतं? ती तर आपली जुनी साखळी योजना. आधी सागाच्या झाडांवर चालली, मग शेळ्यांवर, मग बिटकॉइनवर. त्याला आळा घालायला टीडीएस उपयोगी नाही, कारण साखळीवाला टीडीएस कापत नाही. तिथे पोलीस हवेत, आणि लोकांना तपासून बघता येईल अशी नोंदणीकृत दुकानांची यादी हवी.

मावसभावाच्या वॉलेटमध्ये अजून थोडे यूएसडीटी पडून आहेत. मागच्या सुट्टीत विचारत होता, कुठे विकू? मी सांगितलं, आडवाटेने जाऊ नकोस, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर ने, टीडीएस कापू दे, पावती ठेव. तो म्हणाला, "आणि विकायच्या आधी तिथूनच चोरीला गेले तर भरून कोण देईल?" मी कायदा शोधला. ज्या कलमांत त्याने किती भरायचं ते लिहिलंय ती सगळी मिळाली.